बाईच्या हातची चिठ्ठी

माघ लागला की नागपुरात आमच्या नंदनवन वस्तीच्या चौकात यात्रेच्या बसगाड्या येऊन उभ्या राहतात. टपावर पातेली चढतात, सतरंज्यांचे गुंडाळे दोरीने आवळले जातात, कुणी म्हातारी खिडकीतून डोकं काढून कवळी घरीच राहिल्याचं ओरडून सांगते. बाजूच्या हातगाडीवर मृग बहाराची संत्री रचलेली असतात. गाडी निघते तेव्हा पोचवायला आलेले लोक दोन-दोन संत्री खिडकीतून आत देतात, आणि पहिल्या वळणापर्यंत सालीचा वास गाडीभर होतो. तो वास मला आता सोसत नाही. चौकात गाडी दिसली की मी भाजीला दुसऱ्या रस्त्याने जातो.

काल मात्र गाडीच घरी आली. पेपरातून एक हँडबिल खाली पडलं. उत्तरेची यात्रा, बारा दिवसांची. प्रत्येक मुक्कामापुढे काय काय दाखवणार ते छापलेलं, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन शब्द : दुपार मोकळी.

सुनेने विचारलं, ''जायचं आहे का बाबा? सोबत बघू कुणाची.''

मी नको म्हणालो. मी एकदा जाऊन आलो आहे.

तेव्हा आम्ही इतवारीच्या मागच्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. मी सरकारी कचेरीत कारकून. सत्तरीच्या दशकाची सुरुवात होती. माझ्या बायकोची, विमलची, थोरली बहीण उमरेडकडच्या एका खेड्यात शेती करायची. तिचं नाव शांता, पण आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो. आई लवकर गेली म्हणून विमलला तिनेच वाढवलं होतं. स्वतः शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. विमलला मात्र मॅट्रिकपर्यंत शिकवायला तिने बापाशी भांडण केलं. तिशीच्या आत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. विमल हेच काय ते तिचं. त्या वर्षी तूर निघाल्यावर ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, ''भाऊजी, मले एकडाव काशीले घेऊन चाला.''

आम्ही तिघं निघालो. गाडीत सगळे मिळून एकवीस यात्रेकरू. यात्रेचा मॅनेजर भला माणूस होता, पण घाईचा. त्याची पद्धत अशी, की सकाळी प्रवास, बाराला धर्मशाळेत उतरून जेवण, आणि एक ते पाच दुपार मोकळी. देव, बाजार, नदी, काय पाहायचं ते त्या चार तासांत आपापलं पाहायचं. धर्मशाळेचा हॉल मोठा, त्याला कुलूप नाही. आचारी जेवणं उरकून भाजी आणायला जाणार किंवा झोपणार. म्हणून मॅनेजरने जबलपूरला पहिल्याच दिवशी नियम सांगितला. दुपारी सामानापाशी एक माणूस पाहिजे. कोण बसणार ते चिठ्ठी टाकून ठरवा. माझ्या खिशाला पेन दिसलं म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

जबलपूरची चिठ्ठी सरळ निघाली. नाव आलं गुलाबरावांचं. इतवारीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. बोलण्यात गोड, हसणं मोठं. आम्ही संगमरवराच्या कड्यांमधून नावेत फिरून आलो, तेव्हा ते ट्रंकेवर बसून पंच्याने वारा घेत होते. दुसऱ्या दिवशी मैहरच्या वाटेवर चहाला गाडी थांबली, तशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

''बाबूसाहेब, पेन तुमच्या हातात आहे, आन् दुपारा आमच्या वाया जाऊन राहिल्या.''

''नाव निघालं त्याला मी काय करू?''

''नाव निघत नसते, काढा लागते. त्या तुमच्या बाईले काय बजार कराचा आहे? ना लुगडं घ्याचं, ना बांगड्या. म्हाताऱ्या माणसाले सावलीत बसाले भेटलं त बरंच.''

बाई पन्नाशीचीसुद्धा नव्हती. विमल माझ्या शेजारी बशीत चहा ओतत होती. मला वाटलं ती चिडेल. तिने फुंकर मारली, एक घोट घेतला आणि म्हणाली, ''बाईले वाचता नाही येत.''

एवढंच. ती होही म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. गुलाबराव हसले, मी हसलो, आणि मग विमलनेही पदर तोंडाला लावला.

मैहरला मी एकवीस चिठ्ठ्या केल्या आणि एकवीसही चिठ्ठ्यांवर 'शांताबाई' लिहिलं. कोऱ्या ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. पण कचेरीतला माणूस खोटं कामही नीट करतो. शिवाय चिठ्ठी उघडून वाचताना मी जे वाचीन ते कागदावर लिहिलेलं असावं, असं मला वाटलं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं काही वाचलं नाही.

चिठ्ठी काढायला गुलाबरावांनी बाईलाच पुढे केलं. ''बाईच्या हाताले यश आहे, बाईच काढतीन.'' बाई लाजली. लोकांत असा मान तिला कधी मिळाला नव्हता. पदर सारखा करून तिने गुलाबरावांनी पुढे धरलेल्या त्यांच्या टोपीत हात घातला, चिठ्ठ्या खालवर केल्या, एक उचलली, कपाळाला लावली आणि माझ्याकडे दिली.

मी वाचलं. बाई खळखळून हसली. ''अरे देवा! माह्याच हातानं माहंच नाव!''

बाकीचेही हसले. त्यांचं हसणं वेगळं होतं.

आज विचार करतो तेव्हा सगळ्यात जास्त सलतं ते हे, की या लबाडीची गरजच नव्हती. तिला नुसतं विचारलं असतं तर ती आनंदाने बसली असती. आयुष्यभर ती तेच करत आली होती. पण विचारायचं म्हणजे कुणीतरी विचारणारा लागतो. मग तो वाईट ठरतो, तिचे उपकार होतात, एखाद्या दुपारी आपणही बसलं पाहिजे असं मनात येतं. चिठ्ठीत तसं काही नाही. आपल्याकडे वाईटपणा घ्यायला कुणी तयार नसतो. तो देवावर टाकायची सोय असली की माणसं फार मोकळी होतात.

आणि त्या दुपारी खरंच मोकळ्या होत्या. कारकुनाच्या आयुष्यात दुपार नसते. असतो तो जेवणाचा डबा आणि पुढचा ढीग. मैहरच्या पायऱ्या चढताना विमलने माझा हात धरला होता. नागपुरात लग्नाला बारा वर्षं होऊनही तिने तो रस्त्यात कधी धरला नव्हता. चित्रकूटला माकडाने गुलाबरावांची टोपी पळवली, तीच चिठ्ठ्यांची टोपी, ती चणे टाकून सोडवावी लागली, आणि आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. प्रयागचे पेरू आतून गुलाबी, मीठ लावून खाताना विमलच्या ओठांना मीठ चिकटायचं. घाटाच्या पायरीवर ऊन अंगावर घेत मी अर्धा तास नुसता पडून राहिलो. इतका सुखी मी त्याआधी नव्हतो आणि नंतरही नाही. आणि लिहायलाच बसलो आहे तर तेही लिहितो, की सामानापाशी बाई बसली आहे या विचाराने ते ऊन अधिक उबदार लागत होतं. थंडीत दुसरा माणूस कुडकुडत असला की आपली गोधडी जाड वाटते, तसं.

पाचला आम्ही परतलो की बाई वाट पाहत असायची. सगळ्यांचे वाळत घातलेले कपडे घड्या करून ठेवलेले, माठ भरलेला, गाठोडी ओळीने. ''काय काय पाहिलं? सांग वं विमल, सगळं सांग.'' विमल सांगायची. बाई मान डोलवत ऐकायची आणि देवाचं नाव आलं की जागच्या जागी हात जोडायची.

चित्रकूटपर्यंत ती हसली. प्रयागला चौथ्या दिवशी हसली नाही. चिठ्ठी तिने माझ्या हातात दिली. मी वाचलं, तशी ती उठून ट्रंकांकडे गेली. त्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून संगमावर स्नान केलं होतं आणि तिने घरून आणलेली तांब्याची गडवी तिथल्या पाण्याने भरून घेतली होती. हे पाणी तिला काशीला पिंडीवर वाहायचं होतं. त्यासाठीच ती यात्रेला आली होती.

दुपारी विमल बायकांबरोबर पुढे गेली. मी पिशवी राहिली म्हणून परत आलो, तर बाई गडवी मांडीवर घेऊन बसलेली. मला पाहून म्हणाली, ''भाऊजी, बसा जरासे.''

मी बसलो. तिने मला जे सांगितलं ते तिने कुणाला, विमललाही, सांगितलं नव्हतं.

नवरा तापाने घरात पडला होता. बाई खळ्यावर तूर उपणत होती. दोन दिवस वारा पडला होता आणि त्या दुपारी एकदम छान वारा सुटला. खळं घराला लागूनच. नवऱ्याने आतून पाणी मागितलं. ''मी म्हटलं, आली, आली. पण वारा चांगला होता भाऊजी. तुम्हाले नाही समजाचं ते. वारा असला की सूप खाली नाही ठेवता येत. म्हटलं, एवढी रास होऊ दे. त्यानं अजून एकडाव हाक मारली. मंग नाही मारली. मले वाटलं, झोपला.''

ती गडवीच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

''म्हून माहंच नाव निघून राहिलं. देवाले सगळं दिसते. तो म्हणते, तू बाहेरच बस. पण काशीले तो असा नाही कराचा. तिथं मले पाणी वाहू देईन. नाही का?''

मी म्हणालो, ''देईल, बाई.''

इथे माझ्याजवळ सबब उरत नाही. मैहरला ती गंमत होती. प्रयागनंतर ती गंमत नव्हती, आणि ते एकवीस माणसांत फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी काशीला जेवणानंतर मी कागद फाडून चिठ्ठ्या करायला बसलो. पहिल्या चिठ्ठीवर मी खरोखर 'गुलाबराव' लिहिलं. दुसरीवर स्वतःचं नाव लिहायला घेतलं आणि थांबलो. माझंच निघालं तर? विमलला शालू पाहायचे होते, घाट पाहायला होडी ठरवायची होती. काशीचा मुक्काम दोन दिवसांचा होता. मी मनाशी म्हटलं, उद्याची दुपार बाईची. उद्या चिठ्ठीच टाकायची नाही, मी स्वतः बसायचं. ठरवल्यावर मला इतकं बरं वाटलं, की गुलाबरावांची चिठ्ठी मी चुरगाळून फेकली आणि एकवीस वेळा तिचं नाव लिहिलं.

बाईने त्या दिवशी टोपीत हात घालण्याआधी डोळे मिटले. ओठ हलत होते. हात बराच वेळ आत राहिला. बोटं एक चिठ्ठी उचलत होती, सोडत होती, दुसरी उचलत होती. गुलाबराव मागून म्हणाले, ''आरामात पाहा बाई, चांगली पाहून घ्या.'' कुणीतरी खुसखुसलं.

मी वाचलं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला.

बाई रडली नाही. तिने विमलला बोलावलं आणि गडवी तिच्या हातात दिली. ''तूच वाह वं. माह्या नावानं नाही, त्याच्या नावानं. म्हणजो, पाणी आणलं आहे, उशीर झाला.''

''कोणाच्या?'' विमलने विचारलं.

''तुह्या भाटव्याच्या.'' भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा.

गल्ल्या अरुंद होत्या, दर्शनाची रांग लांब होती. आम्ही आधी शालू पाहायला शिरलो. दुकानदाराने गादीवर बसवलं, मातीच्या कुल्हडात लस्सी मागवली, एकावर एक घड्या उलगडल्या. मग होडी. पाच वाजत आले तेव्हा आम्ही धर्मशाळेच्या कोपऱ्यावर होतो आणि गडवी विमलच्या पिशवीत तशीच होती, वरचं फडकंही सुटलेलं नव्हतं. विमलने माझ्याकडे पाहिलं. मी 'उद्या' म्हणालो. ती म्हणाली, ''आता भरलेली कशी नेऊ?'' तिने ते पाणी तिथल्याच नालीत ओतलं आणि गडवी पदराने आतून कोरडी केली.

''वाहिलं?'' बाईने दारातच विचारलं.

''वाहिलं.''

बाईने वाकून विमलच्या पायाला हात लावला. थोरली बहीण धाकटीच्या पाया पडली, कारण ते पाय देवापाशी जाऊन आले होते. विमल दोन पावलं मागे सरकली. तिच्या काखेत शालूचं पुडकं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने सांगितलं, की पुढे रस्ता खराब आहे, जेवण लवकर उरकून आताच निघू. काशीची दुसरी दुपार झालीच नाही.

मग गया, अयोध्या, मथुरा. मी थांबलो नाही. काशीलाच तिला बसवल्यावर पुढे सोडून काय उपयोग, असं काहीतरी मन सांगत असतं. गयेपासून बाई स्वतःच ट्रंकांशेजारी जाऊन बसायची. ''कशाले चिठ्ठ्या करता भाऊजी, मी आहोच की.'' गुलाबराव ऐकायचे नाहीत. ''नाही नाही बाई, कायदा म्हणजे कायदा.'' टोपी तिच्यापुढे यायची, ती न पाहता चिठ्ठी उचलून द्यायची, मी वाचायचो. सात दुपारी.

त्यानंतर बाई कोणत्याही देवळात गेली नाही. आमच्याकडे यायची, आम्ही रामटेकला जायचो, कधी गल्लीतल्या मारुतीला. ती बाहेर थांबायची. ''तुम्ही जा. मी पाहतो चपला.'' लोकांना वाटायचं, भारी साधी बाई आहे. गावात तर दोघी बहिणींचं नावच झालं. अजूनही बाईच्या दिरांची मुलं भेटली की सांगतात, काकूचं काशीचं पाणी तिच्या बहिणीने वाहिलं होतं, बहिणी असाव्या तर अशा. विमलच्या तेराव्यालाही कुणीतरी हीच गोष्ट सांगितली आणि बायकांनी डोळे पुसले. मी समोर बसलो होतो. तसं काही झालं नव्हतं. हे लिहिण्याचं कारण तेवढंच आहे.

एकदाच बोललो. सोळा-सतरा वर्षांनी. आम्ही नंदनवनात घर बांधलं होतं, बाई मोतीबिंदूसाठी आली होती. महाशिवरात्रीला जवळच्या देवळात मोठी रांग. आम्ही आत, बाई बाहेर उन्हात, डोळ्यावर हिरवी पट्टी, आमच्या चपलांपाशी. बाहेर आलो तेव्हा तिच्या पुढ्यात कुणीतरी दोन केळी ठेवली होती, भिकाऱ्यापुढे ठेवतात तशी. तिने त्यातलं एक कपाळाला लावून खाल्लं होतं. दुसरं तिने विमलपुढे धरलं. ''घे, देवानं पाठवलं.''

त्याच दुपारी घरी विमल चहा ठेवायला आत गेली आणि मी बाईपाशी बसलो. सगळं सांगितलं. टोपी, एकवीस चिठ्ठ्या, सगळ्यांवर एकच नाव. ''देवाने काही केलं नव्हतं, बाई. मी केलं होतं.''

ती पट्टी नसलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, ''सगळ्याइले मालूम होतं?''

''हो.''

''म्हून हासत होते.'' तिने आतल्या खोलीकडे मान वळवली. ''विमललेबी?''

आत कपबशांचा आवाज बंद झाला.

''नाही,'' मी म्हणालो. ''तिले नव्हतं मालूम.''

बाईने धरून ठेवलेला श्वास सोडला. विमल चहा घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. बाईला दिसलं नसावं.

''ऐकलं का वं,'' बाई म्हणाली, ''तुह्या नवऱ्यानं मले फसवलं. सात दिवस. तुलेबी नाही सांगतलं त्यानं.''

विमलने ट्रे खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग बाईच्या शेजारी बसली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि मला म्हणाली, ''काहून असं केलं जी तुम्ही? लाज नाही वाटली?''

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं.

''जाऊ दे,'' बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. ''तो परका माणूस. परक्याच्या पोटात काय आहे, आपल्याले काय मालूम. तू पाणी वाहिलं होतं नं? ते पोचलं त्याले. माह्यं काय, मी गेली काय न् बाहेर बसली काय.''

''वाहिलं होतं, बाई,'' विमल म्हणाली.

मी माझा चहा उचलला आणि प्यालो.